बियाणं वीस, भाव पस्तीस

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या हातात शेतीचा गेम द्या. पोरगा सोयाबीनवाल्या घरातला हवा आणि बीजीएमआय खेळून त्याचा अंगठा तयार झालेला हवा. अशी पोरं बाऱ्हाळीपासून मुक्रमाबादपर्यंत कोणत्याही पारावर भेटतात. थोड्या वेळात तो फोन परत करतो. चेहऱ्यावर राग नसतो, पोरगं कोड्यात पडलेलं असतं. माझ्या पुतण्यानं फोन परत देताना एवढंच म्हटलं, ‘‘काका, मी ह्यात काय करूलालो तेच कळंना.’’

हे वाक्य मी जपून ठेवलंय. अनोळखी प्रकारचा गेम ‘बोअर आहे’ म्हणून टाकून देणारे बहुतेक जण मनातून हेच म्हणत असतात. त्यांना तसं म्हणता येत नाही, पोराला आलं.

गेमचं नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. सिअॅटलच्या एरिक बॅरोन या तरुणानं साडेचार वर्षांच्या आसपास एकट्यानं बसून तो घडवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंगही त्याचंच. २६ फेब्रुवारी २०१६ला तो संगणकावर आला, २०१९मध्ये अँड्रॉइड फोनवर. आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. एकदा पैसे भरले की झालं. जाहिराती नाहीत, मध्येच खिशात हात घालणं नाही, इंटरनेटही लागत नाही. ज्या गावात रेंज भिंतीच्या एकाच कोपऱ्यात येते, त्या गावाला याहून सोयीचा गेम नाही. तरी तो आमच्या पोरांना लागत नाही.

याचं उत्तर घराघरांत तयार असतं. पोरांना मारामारीच लागते, धीर म्हणून नाही. हे साफ खोटं आहे, आणि पोरांवर अन्याय करणारं आहे. बीजीएमआयमध्ये शंभर जण विमानातून उतरतात, आठ किलोमीटर लांब-रुंद नकाशावर पांगतात आणि शेवटी एक जण किंवा एक टीम उरते. त्या अर्ध्या तासातली पुष्कळ मिनिटं गवतात निपचित पडून काढावी लागतात. झोन आवळत येतो, पावलांचा आवाज कानावर पडतो आणि हलायचं नसतं. हा धीरच आहे. शिवाय या खेळाचा भारतातला इतिहास बघा. पबजी मोबाइल मार्च २०१८मध्ये आला. २ सप्टेंबर २०२०ला त्यावर बंदी आली. २ जुलै २०२१ला तोच बीजीएमआय नावानं परत आला, जुलै २०२२मध्ये पुन्हा गेला, मे २०२३मध्ये पुन्हा उगवला. एवढ्या धरसोडीत जी पोरं एका खेळाला चिकटून राहिली, त्यांना धीर नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

अडचण दुसरीच आहे. बीजीएमआय काय मागतो ते पोराला पहिल्या मिनिटाला कळतं. जिवंत राहा. शंभरातले किती उरले ते वर आकड्यात दिसतं. शेतीच्या गेममध्ये असा आकडाच नाही. तिथं कोणी हरत नाही, कोणी बाद होत नाही, आणि गेम संपतही नाही. आजोबा मरताना नातवाच्या नावे शेत ठेवतात, नातू कंपनीची नोकरी सोडून तिथं येतो. दगडगोटे आणि झाडोऱ्यानं भरलेलं रान, ५०० नाणी आणि गावच्या प्रमुखानं दिलेलं थोडं बियाणं एवढ्यावर सुरुवात होते. पुढं काय मिळवायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. कोंबड्या पाळा, मासे धरा, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवा, नाही तर दिवसभर ओंडके फोडत बसा. कोणी रागावणार नाही.

आता हे ज्या पोरासमोर ठेवलं त्याचं बालपण आठवा. दहावी झाली की मुखेडचं हुशार पोरगं लातूरला किंवा नांदेडला जातं. लातूर पॅटर्नची कीर्ती त्याच्या आईबापांनीही ऐकलेली असते. तिथं दर आठवड्याला टेस्ट, दर टेस्टला रँक. जे जात नाही, त्यालाही मागं राहिलेला म्हणून ओळखलं जातंच. आकडा नसलेलं एकही काम या वयाच्या पोराला आपण दिलेलं नाही. अशा पोराला अचानक सांगितलं की इथं कुणी नंबर देणार नाही, तुला वाटेल ते कर, तर तो बावचळणारच. त्याला मजा घेता येत नाही हा त्याचा दोष नव्हे. मजा आपली आपण ठरवायची असते हे त्याला शाळेनं शिकवलं नाही, क्लासनं नाही आणि घरानंही नाही.

हे झालं कुठल्याही गावच्या पोराचं. मुखेडच्या पोराची अडचण याहून खोल आहे. त्याला हा प्रकार परका आहे, पण प्रकारातला मजकूर ओळखीचा आहे. शेती त्याला माहीत आहे. म्हणूनच तो पडद्यावरच्या शेतात सारखा कशाची तरी वाट बघत राहतो, आणि ते येतच नाही.

मी स्वतः खेळलो तेव्हा हेच झालं. पहिलं पीक पार्सनिपचं, गाजराच्या आकाराचा पांढरा कंद. बियाणं २० नाण्यांना, पीक चार दिवसांत तयार, विक्री ३५ला. घराशेजारी एक लाकडी पेटी असते. तिच्यात माल टाकायचा, झोपायचं. सकाळी पैसे जमा. दहा टाका की हजार टाका, भाव ३५. आवक वाढली म्हणून उतरत नाही. मालाची प्रत चांगली निघाली तर चांदीच्या चांदणीला सव्वापट, सोन्याच्या चांदणीला दीडपट पैसे. साध्या मालालाही पूर्ण भाव, कपात नावाची गोष्टच नाही. संध्याकाळी टीव्ही लावला की उद्याचं हवामान कळतं, आणि ते खरंच ठरतं. पाणी द्यायचं राहिलं तर पीक मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही इतकंच. कर्ज नाही. ऋतू २८ दिवसांचा, एक दिवस इकडंतिकडं होत नाही.

माझं मन लागेना. पेटीत माल टाकला की मी काट्याची वाट बघायचो, हमालीची बघायचो. ‘मॉइश्चर जास्त आहे’ म्हणणाऱ्या माणसाची वाट बघायचो. माझा भाऊ, पुतण्याचा बाप, एकदा मागून बघत उभा होता. पेटीत माल गेल्यावर तो म्हणाला, ‘‘पट्टी कुठंय?’’ आडतीवरून हिशेबाच्या पट्टीशिवाय परतलेला शेतकरी त्यानं बघितलेला नाही.

त्याच्या पट्टीवर काय लिहिलेलं असतं ते सांगतो. २०२४-२५च्या हंगामात केंद्राचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मराठवाड्याच्या मोंढ्यांत माल त्याच्या खाली विकला जात होता. सरकारी खरेदी केंद्राची अट १२ टक्के ओलाव्याची. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन ती अट कशी पाळणार? ओरड झाली तेव्हा त्या वर्षी नोव्हेंबरात मर्यादा १५ टक्के केली. तोवर गरजू माणसानं माल विकून टाकला होता. २०२५-२६ला हमीभाव ५,३२८ झाला. कागदावर. पडद्यावरच्या पेटीत आणि मोंढ्यात हा जो फरक आहे, तो पुतण्याला शिकवावा लागला नाही. तो त्या फरकातच वाढला.

आणि हवामान. ऑगस्ट २०२५मध्ये याच तालुक्यात एका रात्रीत एवढा पाऊस पडला की लेंडी प्रकल्पाच्या बाजूनं पाणी चढून हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत घुसलं. माणसं गेली, दावणीची जनावरं गेली, उभी पिकं गेली. त्याच वर्षी एक रुपयात पीक विमा देणारी योजनाही राज्यानं बंद केली. त्या खरिपानंतर ज्या पोराच्या हातात तुम्ही चिमुकल्या झारीचा गेम देता, त्याला तो गोड वाटत नाही याचं नवल करू नका.

या गेमचा उगमही समजून घ्यायला हवा. हा प्रकार शेतकऱ्यानं शोधला नाही, गाव सोडून गेलेल्या माणसानं शोधला. जपानच्या मियाझाकी भागातला यासुहिरो वादा टोकियोला नोकरीला आला, शहरात त्याला आपलं रान आठवायला लागलं, आणि १९९६मध्ये त्यानं शेतीचा पहिला गाजलेला गेम केला. पाश्चात्त्य जग त्याला ‘हार्वेस्ट मून’ म्हणतं. बॅरोन त्याच गेमवर वाढला. म्हणजे हा सगळा प्रकार मुळात शहरातल्या माणसाच्या हुरहुरीतून आलेला आहे. पुण्यात आयटीत असलेल्या मुखेडकराला तो पहिल्या रात्री लागेल. तो शेतापासून लांब आहे, त्याला झारी धरायची आहे. मुखेडात राहिलेल्या पोराला शेताची हुरहुर कुठून असणार? तो सकाळी फवारणी करून आलाय. त्याच्या अंगाला अजून औषधाचा वास आहे.

हुरहुर हीच या प्रकाराच्या दाराची किल्ली असेल, तर आम्ही बाहेरच राहायचं का? मला हे मान्य नाही. हा गेम चांगला आहे. फार चांगला आहे. माणसानं माणसासाठी मन लावून केलेली वस्तू आहे, आणि ती आपल्या पोरांपर्यंत पोचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मग दुसरं दार शोधायला हवं.

पुतण्याला ते आपोआप सापडलं. या गेममध्ये मासे धरणं अवघड आहे. गळाला मासा लागला की एक हिरवी पट्टी वरखाली होते, मासा उसळ्या मारतो, आणि बोटाच्या दाबावर पट्टी त्याच्या मागं ठेवायची असते. माझ्याकडून मासा सुटायचा. पुतण्यानं फोन ओढून घेतला. ज्या बोटानं त्यानं वर्षानुवर्षं बंदुकीचा धक्का सावरला होता, त्या बोटाला ही पट्टी सोपी होती. तिथून तो खाणीत शिरला. डोंगरातली ही खाण १२० मजले खोल आहे, खाली राक्षस आहेत, हातात तलवार आहे. मग खाणीतून आणलेल्या तांब्यानं कुदळ सुधारायची म्हणून तो वर आला. सुधारलेली कुदळ आहे म्हणून त्यानं रान साफ केलं. रान साफ झालं म्हणून पेरलं. शेवटी तो शेतीपर्यंत आला, पण आपल्या वाटेनं आला.

अनोळखी प्रकार आवडायचा असेल तर त्याच्या प्रसिद्ध दरवाजातूनच शिरलं पाहिजे असं नाही. जिथं आपला हात बसतो तिथून शिरावं. स्टारड्यूबद्दल बोलणारे सगळे जण शांतता, फुलं, विसावा हेच सांगत असतात. हे ऐकून जो विसावा शोधायला जातो आणि त्याला तो मिळत नाही, त्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. माझ्या पुतण्याला पहिली मजा विसाव्यात आली नाही, लढण्यात आली. त्यानं काय बिघडलं? पुढं एक रात्र त्यानं फक्त कुंपण सरळ करण्यात घालवली. ती मजा त्याला कोणी सांगून आली नसती.

दुसरी गोष्ट घडली ती सोबतीची. पबजी मुखेडात कोणी एकट्यानं शिकलं नाही. चार पोरं एका कट्ट्यावर, एक जण दुसऱ्याच्या खांद्यावरून बघणारा, ‘डावीकडं बघ, घरात एक आहे’ असं ओरडणारा. त्या ओरडण्यातूनच तो खेळ कळला. संथ गेमला आपल्याकडं असा कट्टा नाही. तो एकट्यानं, रात्री, हेडफोन घालून खेळायचा असं धरलेलं असतं. आम्ही तिघं एका फोनवर खेळलो. भावानं फोन हातात घेतला नाही, पण कुठं काय लावायचं ते त्यानं सांगितलं, आणि बुजगावणं आधी उभं करायला लावलं. गेममध्ये बुजगावणं नसलं तर कावळे पीक खातात. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याला वाचून दाखवावं मात्र लागायचं, कारण सगळा गेम इंग्रजीत. आणि इथं माझा राग आहे तो सांगतोच. हा गेम वाचायचा गेम आहे. गावातला प्रत्येक माणूस बोलतो, पत्रं येतात, कोणाला काय आवडतं ते बोलण्यातून कळतं. बीजीएमआयला इंग्रजी अडत नाही, गोळीला भाषा लागत नाही. इथं भाषा अडली की निम्मा गेम गेला. स्टारड्यू १२ भाषांत आहे. त्यात हंगेरियन आहे. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीच्या आत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. मराठी त्या १२ भाषांत नाही, हिंदीसुद्धा नाही. हंगेरियन लोकांचा मला हेवा नाही, कौतुक आहे. त्यांची भाषा तिथं आहे, कारण तिथले लोक आपल्या भाषेत मागतात आणि आपल्या भाषेत विकत घेतात.

आपण मागितलं कुठं? ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले, भाषणं झाली. त्या दर्जातून जुने ग्रंथ छापावेत, संशोधन करावं, सगळं करावं. पण पंधरा वर्षांचं पोरगं दिवसाचे जे तास पडद्यावर घालवतं, त्या तासांत त्याला मराठीची एक ओळ दिसत नाही, याची चिंता कोणत्या समितीला आहे? संगणकावरच्या स्टारड्यूत बाहेरच्यांना आपली भाषा बसवायची सोय आहे. पोलिश, थाय, व्हिएतनामी चाहत्यांनी आपापल्या भाषेत हा गेम आणलाय. मराठीचा एखादा विभाग, एखादं महाविद्यालय, भाषांतर शिकणाऱ्या मुलांचा एक वर्ग हे काम घेऊ शकतो. हे काम कादंबरीच्या अनुवादाइतकंच मोठं आहे, आणि वाचणारे जास्त मिळतील.

महाराष्ट्रात गेम करणारे हात नाहीत असंही नाही. ‘लुडो किंग’ नवी मुंबईतला. पुराणांवरचा ‘राजी’ पुण्यात झाला, २०२०मध्ये जगभर गेला. २०२४मध्ये आलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयलही पुण्याच्याच कंपनीचा. लुडो झाला, पुराणं झाली, बंदुका झाल्या. ज्या राज्यात लाखो घरं कोरडवाहू शेतीवर जगतात, तिथल्या शेतीचा, आमच्या नावाचा, आमच्या मातीचा गाजलेला गेम अजून यायचाय.

पुतण्यानं अशा गेमच्या नियमांची यादी केलीय. पेरणी तारखेवर होणार नाही, मृगाच्या पावसावर होईल, आणि पाऊस पुरेसा नसताना पेरलं तर दुबार पेरणी. रोपं वर आली की गोगलगायी. २०२२मध्ये त्यांनी लातूर-बीडकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, ते त्यानं ऐकलंय. नुकसान झालं तर ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, आणि त्याच वेळी गावात रेंज नसेल. उदगीरच्या मोंढ्यात ट्रॅक्टरची रांग. बैलपोळ्याला गेम थांबेल, त्या दिवशी काम करता येणार नाही. हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ज्याला ह्या प्रकारात काय करायचं ते कळत नव्हतं, तो आता प्रकाराचे नियम ठरवतोय.

भांडण फक्त मालाच्या भावावर आहे. पुतण्या म्हणतो, भाव रोज बदलायला हवा, खऱ्यासारखा, कधी हमीभावाच्या खालीही. मी म्हणतो, नाही. गेममध्ये तरी हमीभाव पूर्ण मिळू दे, म्हणजे खेळणाऱ्या पोराला कळेल की भाव नक्की असला तर शेती किती आवडण्यासारखं काम आहे. बॅरोनच्या गेमनं मला शिकवलं ते हेच, आणि इतकं स्पष्ट ते कुठल्या अहवालानं शिकवलं नव्हतं. पुतण्या ऐकत नाही. ‘‘मग लोक म्हणतील, ह्यांना शेती माहीत नाही.’’ भाऊ माझ्या बाजूला आहे. त्याचं म्हणणं, पेटी आहे तशी राहू द्या, भाव बांधलेला राहू द्या. फक्त सकाळी पैशांबरोबर पट्टी आली पाहिजे. किती क्विंटल गेलं, काय भावानं गेलं आणि काहीच कापलं नाही, हे कागदावर लिहून.